सायक्लोनच्या शेवटच्या बाकावर

एस.टी.च्या अगदी शेवटच्या बाकावर बसून तुम्ही कधी लांबचा प्रवास केला आहे का? केला असेल, तर आजची अर्धी गोष्ट तुम्हांला आधीच ठाऊक आहे. गाडी मजेत चाललेली असते. पुढच्या बाकावरचे आजोबा पेपर वाचत असतात. तेवढ्यात रस्त्यात एक उंचवटा येतो आणि मागच्या बाकावरची सगळी मंडळी वीतभर उडून दाणकन खाली आदळतात. आजोबांचा पेपर मात्र जागचा हलत नाही. बस एकच, रस्ता एकच, वेगही एकच. मग पोटात गोळा फक्त मागच्यांच्याच का येतो?

हा प्रश्न मला नीट पडला तो एस.टी.त नाही, तर थेट अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या समुद्रकिनाऱ्यावर. तिथे माझा नववीतला भाचा एका लाकडी राक्षसासमोर उभा राहून मला म्हणाला, "मामा, मी यात बसणार नाही. सिक्स्टी माइल्स! तुला माहितेय का, ताशी साठ मैल!"

त्या राक्षसाचं नाव सायक्लोन. हा एक रोलर कोस्टर आहे, आणि १९२७ सालापासून तो त्याच जागी उभा आहे.

भाच्याची अडचण अशी होती की गेल्या वर्षी तो मित्रांबरोबर इथे आला होता. सगळे बसले. हा रांगेतून परत फिरला. तेव्हापासून मित्र चिडवत होते, आणि त्या चिडवण्यावर त्याच्याकडे एकच उत्तर होतं : साठ मैल. म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर. एवढ्या वेगाला घाबरलं तर त्यात लाज कसली? मलाही ते पटत होतं. खरं सांगायचं तर माझेही पाय लटपटत होते, पण मामाने तसं म्हणायचं नसतं.

कोनी आयलंड हे नाव ऐकून तुम्ही बेट शोधू लागाल. पूर्वी ते बेट होतं. पण मधल्या खाडीचा बराच भाग बुजवल्यावर ते जमिनीला जोडलं गेलं, आपल्या मुंबईसारखंच. मॅनहॅटनमधून आगगाडीत बसलं की तासाभराने शेवटचं स्टेशन येतं. बाहेर पडताच तळणीचा वास, समुद्रपक्ष्यांचा कलकलाट आणि समोर अटलांटिक महासागर. वाळूच्या कडेने लाकडी फळ्यांचा लांबलचक रस्ता आहे, तो १९२३ साली खुला झाला. त्याच्याजवळ १९२० सालचं वंडर व्हील हे प्रचंड चाक अजून फिरतं. आपल्या जत्रेतल्या आकाशपाळण्याचा हा थोरला भाऊ, ४६ मीटर उंच. इथली प्रत्येक गोष्ट आजोबांच्या वयाची आहे आणि तरीही जोरात ओरडते आहे, अशी मला गंमत वाटली.

आम्ही एका बाकावर बटाट्याचे तळलेले काप खात बसलो. समोर सायक्लोनचा पहिला उतार दिसत होता. दर काही मिनिटांनी वरून डबे कोसळत आणि एक सामुदायिक किंकाळी आमच्या अंगावरून जाई.

"उंची किती आहे रे याची?" मी विचारलं.

"पंचाऐंशी फूट."

"म्हणजे सव्वीस मीटर. वेगाचा वर्ग बरोबर काय?"

हे सूत्र नववीतल्या मुलाला येतं. वरून खाली येणाऱ्या गाडीला इंजिन नसतं. साखळीने तिला एकदा वर ओढून नेलं की पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर. उंचीमुळे मिळालेली स्थितिज ऊर्जा उतारावर गतिज ऊर्जा होते, आणि वेगाचा वर्ग येतो २ गुणिले ९.८ गुणिले उंची. भाच्याने कागदी रुमालावर गणित मांडलं. वर्ग आला ५१० च्या आसपास, त्याचं मूळ साडेबावीस. सेकंदाला साडेबावीस मीटर, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर. मैलांत सांगायचं तर पन्नास!

त्याने पुन्हा केलं. पुन्हा पन्नास. तेही घर्षण आणि वारा अजिबात नाही असं मानून. प्रत्यक्षात दोन्ही असतात, म्हणजे खरा वेग याहून थोडा कमीच. साठ मैल गाठायला उतार जवळजवळ ३७ मीटरचा हवा, आणि सायक्लोन तेवढा उंच नाही. पुस्तकांतून जिथे तिथे छापलेल्या साठाच्या आकड्याला आमच्या रुमालावर जागाच नव्हती.

भाचा रुमालाकडे बघत राहिला. वर्षभर ज्या आकड्याच्या आड तो लपला होता, त्यातले दहा मैल गळून पडले होते. मी आणखी एक गणित सांगितलं. सायक्लोनचा पूर्ण मार्ग सुमारे ८०० मीटरचा आहे आणि फेरीला लागतात १ मिनिट ५० सेकंद. म्हणजे सरासरी वेग ताशी २६ किलोमीटर. अर्थात यात साखळीवरून रेंगाळत चढण्याचा वेळही आला; पण तरी बघा, शहरातली रिक्षासुद्धा याहून जोरात पळते.

"मग लोक ओरडतात का?" तो म्हणाला.

हाच खरा प्रश्न. मी मुंबईहून आलो ते विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने चाललं होतं, आणि माझ्या कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही. आपल्या शरीराला वेग कळतच नाही हो! त्याला कळतो तो फक्त बदल. वेग वाढला, कमी झाला, दिशा वळली, तरच पोट आणि कान मेंदूला बातमी देतात. रोलर कोस्टर बांधणारा माणूस म्हणूनच वेग विकत नाही. तो वळण विकतो. किती उंचीवरून सोडायचं यावरून वेग ठरतो, आणि तो वेग अंगाला किती झोंबणार हे रुळाच्या वळणावरून ठरतं.

आणि ही अक्कल माणसाला जिथे आली त्यातली बरीचशी जागा आमच्या त्या बाकावरून दगड मारता येईल इतकी जवळ होती.

१८८४ साली, आज सायक्लोन उभा आहे त्याच जागेवर, लामार्कस थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने स्विचबॅक रेल्वे सुरू केली. त्याला ही कल्पना सुचली पेनसिल्व्हेनियातल्या एका कोळशाच्या रेल्वेवरून. तिथे १८२७ पासून कोळशाचे डबे डोंगरावरून आपोआप उतरत, आणि रिकामे डबे वर ओढून नेण्यासाठी खेचरं असत. गंमत म्हणजे खाली येताना ही खेचरंसुद्धा डब्यात बसून ऐटीत यायची. पुढे लोक नुसती मजा म्हणून त्या गाडीत बसू लागले. थॉम्पसनने तोच प्रकार समुद्रकाठी आणला. दोन मनोरे, मध्ये हलके चढउतार असलेला रूळ. भाडं ५ सेंट. लोक बाकावर एका बाजूला तोंड करून बसत, म्हणजे समुद्राची शोभा बघत जाता यावं. वेग होता ताशी ६ मैल, जेमतेम १० किलोमीटर! पलीकडच्या मनोऱ्यावर पोचलं की सगळे उतरत, मग डबा ढकलून परतीच्या रुळावर चढवला जाई. आज हसू येतं. पण तेव्हा तिथे रांगा लागत होत्या.

मग प्रत्येकाला वाटू लागलं की आपण याहून भारी काहीतरी करू. १८९५ साली इथल्याच सी लायन पार्कमध्ये फ्लिप फ्लॅप नावाची गाडी आली. ती माणसांना चक्क उलटं करायची. रुळाला २५ फूट उंचीचा एक गोल होता, कंपासने काढावा तसा अगदी गरगरीत गोल. दिसायला सुंदर, पण त्यातून फिरून आलेल्या लोकांच्या माना आणि पाठी दुखू लागल्या. इतक्या, की ती बदनाम झाली.

चूक कुठे होती? इथे थोडं सावकाश वाचा, कारण हा भाग मला स्वतःला फार आवडतो.

पाण्याची छोटी बादली हातात धरून उभी गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, हे तुम्ही करून पाहिलं असेल. (नसेल तर अंगणात करा, स्वयंपाकघरात नको.) मात्र फिरवण्याचा वेग पुरेसा हवा. गाडीचंही तसंच. गोलाच्या माथ्यावरून न पडता जायचं तर तिथे काही किमान वेग लागतो. माथ्यावर एवढा वेग उरायचा तर तळाशी तो कितीतरी जास्त हवा, कारण वर चढताना वेग खर्च होतो. हिशोब केला तर असं निघतं, की पूर्ण गोल रुळाच्या तळाशी शिरताना माणसाला आपलं वजन कमीत कमी सहापट वाटतं. ४० किलोचा मुलगा २४० किलोचा होतो! आणि यातली मेख अशी की गोल लहान घ्या नाहीतर हत्तीएवढा मोठा घ्या, उत्तर सहाच येतं. त्रिज्या गणितातून कटून जाते. म्हणजे गोल मोठा करून सुटका नाही. दोष आकाराचाच.

शिवाय हे सहापट वजन हळूहळू येत नाही. सरळ रूळ संपतो आणि त्याच क्षणी गोल सुरू होतो. एकपटीवरून थेट सहापट. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे : हिसका. मान मोडते ती हिसक्याने.

१९०१ साली कोनी आयलंडलाच एडविन प्रेस्कॉटने लूप द लूप बांधलं आणि गोलाऐवजी लंबगोल केला. त्रास कमी झाला. पण गाडीत एका वेळी मोजकीच माणसं मावत. बघणारे पुष्कळ, बसणारे थोडे, त्यामुळे धंदा काही जमला नाही आणि १९१० साली तेही बंद पडलं. माणसं उलटी करण्याचा नाद पुढची कितीतरी वर्षं जवळजवळ सुटलाच.

तो पुन्हा जोरात लागला १९७० नंतर. जर्मनीतले एक इंजिनिअर, वेर्नर श्टेंगेल, यांनी १९७६ साली लॉस एंजेलिसजवळच्या मॅजिक माउंटन पार्कमधल्या रेव्होल्यूशन या कोस्टरसाठी गोल नव्हे तर थेंबाच्या आकाराचं वेटोळं आखलं. तळाशी, जिथे वेग जास्त, तिथे वळण सैल. माथ्याशी, जिथे गाडी मंदावते, तिथे वळण आवळलेलं. त्यामुळे खाली वजन फार वाढत नाही आणि वर माणूस बाकाला चिकटून राहतो. शिवाय वळण हळूहळू आवळत जातं, म्हणून हिसका नाही. आता यातली मजा बघा. हळूहळू आवळत जाणारं वळण काही नवं नव्हतं! रेल्वेचे इंजिनिअर सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये असा जोडतुकडा केव्हापासूनच घालत होते. कोळशाच्या रेल्वेतून जन्मलेल्या खेळण्याला आपल्याच घरची विद्या आठवायला एवढी वर्षं लागली.

"पण सायक्लोन तर उलटा होत नाही," भाचा म्हणाला.

खरं आहे. सायक्लोन चढ आणि उतार एवढ्यावरच भागवतो. तरीही १९२७ साली तो जमला त्यामागे एक न दिसणारी वस्तू आहे. आम्ही कुंपणाजवळ जाऊन डब्याच्या पोटाखाली वाकून पाहिलं. रुळावर चालणारी चाकं तर असतातच. पण रुळाच्या खालच्या बाजूनेही त्याला धरून ठेवायची सोय असते. जॉन मिलर या अमेरिकन माणसाने १९१९ साली या खालच्या चाकांचं पेटंट घेतलं. त्याआधी माथ्यावरून जोरात गेलं तर डबा रुळावरून उडायची भीती, म्हणून सगळे उतार नेमस्त ठेवावे लागत. खालची चाकं आली आणि बांधणाऱ्यांचे हात मोकळे झाले. सायक्लोनचा पहिला उतार जवळजवळ ५८ अंशांचा आहे, तो या चाकांच्या जिवावर.

उताराच्या तळाशी काय होतं याचं गणित तर फारच सोपं आहे. जेवढ्या उंचीवरून तुम्ही आलात तेवढीच तळाच्या वळणाची त्रिज्या असेल, तर तुमचं वजन तिप्पट वाटतं. त्रिज्या दुप्पट ठेवली तर वजन दुप्पटच वाटतं. उंची तीच, वेग तोच. पण एक फेरी आजीला चालेल आणि दुसरी पहिलवानाला. २००० साली ओहायो राज्यात सीडर पॉइंटला मिलेनियम फोर्स उभा राहिला. त्याची उंची ९४ मीटर आणि वेग ताशी १५० किलोमीटर (हे गणित मात्र रुमालावर चोख जमतं). त्याच्या तळाची वळणं मैदानासारखी पसरट ठेवावी लागली, ती यासाठीच.

आणि माथ्यावर? चेंडू फेकला की तो हवेत एक कमान काढतो. रुळाची टेकडी त्या कमानीहून पसरट असली तर तुम्ही बाकावर बसून राहता. टेकडीने अगदी तीच कमान घेतली तर वजन शून्य. त्याहून टोकदार असली तर रूळ खाली निघून जातो आणि तुम्ही चेंडूसारखे वरच राहता. मांडीवरचा दांडा तुम्हांला ओढून खाली नेतो. एस.टी.च्या मागच्या बाकाचं कारण थोडं वेगळं आहे. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे, सी-सॉच्या टोकासारखा लोंबत असतो, म्हणून जास्त उडतो. पण पोटाला दोन्हींतला फरक कळत नाही.

"माझ्या वजनाने गाडी जास्त जोरात जाईल का रे?" मी रांगेत उभा राहताना विचारलं. हो, आम्ही रांगेत उभे होतो. कधी उठलो ते दोघांनाही कळलं नाही.

"सूत्रात वस्तुमान नाहीच आहे, मामा." हे तो मोठ्या ऐटीत म्हणाला. तसं पाहिलं तर भरलेली गाडी रिकामीपेक्षा किंचित जोरात जाते, कारण वाऱ्याचा अडथळा तिला वजनाच्या मानाने कमी जाणवतो. सकाळपेक्षा दुपारीही गाडी चपळ असते, कारण चाकांचं ग्रीस तापून पातळ होतं. म्हणून बांधणारा नेहमी दोन्ही टोकांचा विचार करतो : थंड सकाळी रिकामी गाडी मध्येच अडकता कामा नये आणि उन्हाळ्याच्या दुपारी भरलेली गाडी अंगाला जास्त झोंबता कामा नये. नव्या कोस्टरांना यासाठी चुंबकाचे ब्रेक असतात. तांब्याची पट्टी चुंबकांमधून गेली की आपोआप वेग मरतो, वीज लागत नाही. सायक्लोनला मात्र स्टेशनात अजून माणूस लागतो. तो लांब दांडे हाताने ओढून गाडी थांबवतो.

२४ जणांची गाडी, तीन डबे. भाच्याने शेवटचा बाक निवडला. मी काही बोललो नाही.

साखळीने गाडी पकडली आणि खट्-खट्-खट् सुरू झालं. हा आवाज भीतीदायक वाटतो. पण तोच आपला मित्र. डब्याखालचा खटका एकेका दात्यावर पडत जातो, म्हणजे साखळी तुटली तरी गाडी मागे घसरणार नाही. उजेड, समुद्र, वंडर व्हील, सगळं खाली जात होतं. माथा आला. पुढचा डबा पलीकडे वाकला आणि नाहीसा झाला. आम्ही अजून चढतच होतो, तोच पुढच्या डब्यांच्या वजनाने आम्हांला खस्सकन पलीकडे ओढून घेतलं. पुढच्या बाकावरचे लोक माथ्यावरून सावकाश वाकतात. मागच्यांना तो माथा भरधाव ओलांडावा लागतो. माझं आणि बाकाचं नातं तुटलं. मी किंचाळलो. मग तळाशी कोणीतरी माझ्यावर आणखी दोन मामा ठेवले. मग पुन्हा वर, पुन्हा हलके. वळणावर लाकडी तुळया डोक्यावर आदळतील अशा येत आणि वरून निघून जात. त्या पुरेशा उंच असतात हे मला माहीत होतं, तरी मी मान खाली घातली. असे सगळे मिळून बारा उतार. मोजायचे ठरवले होते, तीननंतर विसरलो.

याच गाडीला १९७० च्या सुमारास पाडून टाकायचं घाटत होतं. शेजारच्या मत्स्यालयाला वाढायला जागा हवी होती. लोकांनी विरोध केला, डागडुजी झाली आणि १९७५ साली ती पुन्हा सुरू झाली. शेजारच्या न्यूजर्सीत २००५ साली उभा राहिलेला किंगडा का, १३९ मीटर उंच आणि ताशी २०६ किलोमीटर वेगाचा, तो मात्र २०२५ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला.

स्टेशनातल्या माणसाने दांडा ओढला. गाडी कुरकुरत थांबली. माझा चष्मा खिशात होता, हे नशीब. भाच्याचे केस उभे राहिले होते आणि चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, हा आता रडतो की काय.

"मामा," तो म्हणाला, "ते पन्नास मैल मागच्या बाकावर माथ्याशी नव्हते. तिथे वेग कमी असतो. तरी सगळ्यात जास्त तिथेच वाटलं."

मग त्याने खिशातून चुरगळलेला रुमाल काढला, पाठीमागे कोरी जागा आहे का ते पाहिलं, आणि पुढच्या बाकाच्या रांगेकडे चालू लागला.